अडलेला खडा आणि वळणारा प्रकाश

माध्यमिक शाळेत प्रकाशाचे अपवर्तन शिकवून झाले की ओघानेच पूर्ण आंतरिक परावर्तन येते. क्रांतिक कोन येतो, हिऱ्याची चकाकी येते आणि उपयोगांच्या यादीत अखेरीस एक वाक्य येते : 'प्रकाशतंतूंचा उपयोग एंडोस्कोपमध्ये करतात.' विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. त्यात त्यांची काही चूक नाही. वाक्य एवढे आटोपशीर आहे, की त्यामागे काही घडले असेल अशी शंकाही येत नाही.

या लेखात आम्ही त्या वाक्यामागची हकीकत एका विरळ आजाराच्या अंगाने सांगणार आहोत. पित्ताशयातला खडा आतड्यात शिरतो आणि आतडे बंद करून टाकतो, असा हा आजार आहे. आजार विरळ आणि त्यावरचा एंडोस्कोपने करायचा इलाज आजही अर्धवट. मग हाच का निवडला? प्रयोगशाळेतले एखादे तत्त्व रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचायला वाटेत काय काय लागते, हे अशा अवघड उदाहरणात अधिक स्पष्ट दिसते, म्हणून.

खडा आतड्यात येतो कसा?

यकृतात तयार होणारे पित्त पित्ताशयात साठते. पित्तातील कोलेस्टेरॉल, रंगद्रव्ये व क्षार यांचे प्रमाण बिघडले की त्यांचे खडे बनतात. असे खडे पुष्कळ माणसांच्या पोटात असतात आणि बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर त्रासही होत नाही. पित्ताशयातून आतड्याकडे जाणारी नैसर्गिक वाट म्हणजे पित्तनलिका. ती काही मिलिमीटर रुंदीची असते, तेव्हा तीन-चार सेंटिमीटरचा खडा त्या वाटेने जाणे शक्यच नाही.

तो आडवाटेने जातो. पित्ताशय पुन्हा पुन्हा सुजले की ते शेजारच्या आतड्याला चिकटते. शेजारी असते ती बहुधा ग्रहणी, म्हणजे जठरानंतर लगेच सुरू होणारा लहान आतड्याचा पहिला भाग, ड्युओडेनम. खड्याचा दाब एकाच जागी सतत पडत राहतो. दोन्ही भिंती हळूहळू झिजतात, त्यांना आरपार भोक पडते आणि खडा ग्रहणीत उतरतो. यात कित्येकदा वर्षे जातात. म्हणूनच हा मुख्यतः म्हातारपणाचा आजार आहे, आणि पित्तखडे स्त्रियांमध्ये अधिक आढळत असल्यामुळे रुग्णांतही वृद्ध स्त्रियाच जास्त असतात.

लहान खडे विष्ठेवाटे निघून जातात. साधारण दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा मात्र वाटेत अडकण्याची भीती असते. लहान आतडे शेवटाकडे अरुंद होत जाते, त्यामुळे बहुतेक खडे त्या टोकाला, मोठ्या आतड्याच्या दारापाशी अडकतात. काही थोडे खडे मात्र ग्रहणीतच किंवा जठराच्या तोंडाशी रुतून बसतात. मग अन्न जठराच्या पुढे जातच नाही. खाल्लेले उलटून पडते. या दुसऱ्या प्रकाराला बूव्हरे यांचे नाव मिळाले आहे. घशातून आत सोडलेला एंडोस्कोप जठर ओलांडून ग्रहणीपर्यंत सहज पोचतो, म्हणून एंडोस्कोपने इलाज करण्याचा प्रश्न मुख्यतः या प्रकारातच उभा राहिला.

मृत्यूनंतरचे निदान

आतड्यात उतरलेल्या पित्तखड्याचे पहिले वर्णन डेन्मार्कचे शरीररचनाशास्त्रज्ञ थॉमस बार्थोलिन यांनी १६५४ मध्ये केले. ते शवविच्छेदनात आढळलेल्या खड्याचे होते. पुढची दोन शतके परिस्थिती फारशी बदलली नाही. पोट फुगते, उलट्या होतात, रोगी दगावतो, आणि कारण कळलेच तर ते मेल्यावर कळते.

एकोणिसाव्या शतकात भूल देण्याची विद्या आली, जंतुनाशके आली आणि पोट उघडण्याचे धाडस शल्यवैद्य करू लागले. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. बाझेलच्या लुडविग कुर्व्हाझिए यांनी १८९० मध्ये पित्तखड्यामुळे आतडे बंद झालेल्या १३१ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांतले निम्म्याच्या जवळपास रुग्ण मरण पावले होते. रोग ओळखायला लागणारा उशीर, रुग्णाचे वय आणि शस्त्रक्रियेचा आघात, या तिन्हींची ही बेरीज होती.

१८९६ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरातील वैद्य लेओं बूव्हरे यांनी जठराच्या दाराशी खडा अडकलेल्या दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकाचे निदान त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी केले होते. हाताने पोट चाचपणे, लक्षणांचा क्रम लावणे आणि तर्क करणे, एवढीच साधने त्यांच्यापाशी होती. क्ष-किरणांचा शोध आदल्याच वर्षी लागला होता.

क्ष-किरणांनीही प्रश्न लगेच सुटला नाही, कारण बहुतेक पित्तखडे साध्या क्ष-किरण चित्रात दिसतच नाहीत. ज्यांत कॅल्शियम पुरेसे असते, तेवढेच दिसतात. अमेरिकेतील मिनेसोटाचे क्ष-किरणतज्ज्ञ लिओ रिग्लर व त्यांचे सहकारी यांनी १९४१ मध्ये त्यावर एक युक्ती सांगितली. खडा दिसो वा न दिसो, त्याने केलेले भोक तर शिल्लक असते! त्या भोकातून आतड्यातली हवा पित्तनलिकांत शिरते, आणि हवा क्ष-किरण चित्रात काळी उमटते. पित्तनलिकांत हवा, फुगलेले आतडे आणि भलत्याच जागी असलेला खडा, या तीन खुणा म्हणजे 'रिग्लर यांचे त्रिक'. अप्रत्यक्ष पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढावा, याचे हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

निदान झाले तरी इलाज एकच होता : पोट उघडा आणि आतड्याला छेद देऊन खडा काढा. सत्तरीच्या, हृदयविकार वा मधुमेह असलेल्या, आठवडाभर उलट्यांनी शुष्क झालेल्या बाईला हा इलाज पेलेल का, हा प्रश्न प्रत्येक वेळी उरत असे. पोट न उघडता खड्यापर्यंत पोचता आले तर?

आत डोकावण्याचे प्रयत्न

शरीराच्या पोकळीत प्रकाश नेण्याची धडपड त्यापूर्वीच सुरू झाली होती. फ्रँकफर्टचे फिलिप बोत्झिनी यांनी १८०६ मध्ये मेणबत्ती व आरसा बसवलेले एक उपकरण दाखवले. १८६८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे अडोल्फ कुसमाऊल यांनी जठरात सरळ धातूची नळी घातली. ही नळी गिळायला त्यांना तलवार गिळणारा एक खेळकरी मिळाला होता! ४७ सेंटिमीटर लांबीची नळी त्याने गिळली, पण दिव्याचा उजेड इतक्या आत पुरेना. १८८१ मध्ये व्हिएन्नात योहान मिकुलिच यांनी विजेने तापवलेल्या प्लॅटिनमच्या तारेचा उजेड वापरला. ती तार थंड ठेवायला पाणी खेळवावे लागे.

अडचण उघड होती. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि माणसाचे अन्नमार्ग वळणावळणांचे आहेत. १९३२ मध्ये म्युनिकच्या रुडॉल्फ शिंडलर यांनी उपकरणे तयार करणारे गेओर्ग वोल्फ यांच्या मदतीने खालचा अर्धा भाग थोडा वाकू शकेल असा जठरदर्शक बनवला. लहान लहान अनेक भिंगे एकामागे एक ठेवून त्यांनी प्रतिमा थोड्या वळणातून बाहेर आणली. अन्ननलिकेला इजा होण्याचा धोका त्यामुळे बराच कमी झाला. तरीही जठराचे काही कोपरे नजरेआडच राहत, आणि जठरापलीकडच्या ग्रहणीत डोकावणे तर दूरच. नेमका तिथेच बूव्हरे यांचा खडा बसलेला असतो.

जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न

१९५१ मध्ये लंडनमध्ये एका मेजवानीत इम्पिरियल कॉलेजमधील प्रकाशशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाचे डॉक्टर ह्यू गेन्सबरो शेजारी बसले होते. ताठ जठरदर्शकाने रुग्णाला किती यातना होतात आणि तरीही सगळे जठर दिसत नाही, अशी तक्रार गेन्सबरो यांनी केली. यापेक्षा बरे काही करता येणार नाही का?

हॉपकिन्स यांना काचेच्या तंतूंची आठवण झाली. वळणारा प्रकाश काही नवा नव्हता. जिनेव्हाच्या दानिएल कोलादों यांनी १८४० च्या सुमारास आणि लंडनच्या जॉन टिंडल यांनी १८५४ मध्ये पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश वळताना श्रोत्यांना दाखवला होता. धारेच्या आत प्रकाश क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनाने पृष्ठभागावर आपटतो, पुन्हा आत परततो आणि असा परतत परतत धारेबरोबर वळतो. जवळजवळ शंभर वर्षे हा प्रयोग करमणुकीचाच राहिला होता.

एका तंतूतून प्रकाश जाईल, प्रतिमा जाणार नाही. पण हजारो तंतूंची जुडी केली आणि दोन्ही टोकांना त्यांचा क्रम तोच ठेवला, तर प्रत्येक तंतू प्रतिमेचा एक एक ठिपका वाहून नेईल. शाळेच्या संचलनात मुले हातात रंगीत पुठ्ठे धरून चित्र तयार करतात, तसाच हा प्रकार. या कामावर हॉपकिन्स यांनी नरिंदरसिंग कपानी या तरुणाला घेतले. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले आणि आग्र्यास पदवी घेतलेले कपानी संशोधनासाठी लंडनला आले होते. दोघांचा लेख २ जानेवारी १९५४ च्या 'नेचर' साप्ताहिकात आला. त्याच अंकात हॉलंडमधील डेल्फ्टच्या आब्राहम फान हील यांचेही याच विषयावरचे टिपण होते.

फान हील यांच्या टिपणात एक कळीचा मुद्दा होता. उघड्या काचतंतूभोवती हवा असते, तोवर परावर्तन उत्तम होते. पण जुडीत तंतू एकमेकांना टेकतात. शिवाय त्यांवर ओरखडे पडतात, बोटांचे तेल लागते. जिथे बाहेरचे माध्यम बदलले तिथे प्रकाश गळतो. म्हणून प्रत्येक तंतूभोवती कमी अपवर्तनांकाच्या पदार्थाचे वेष्टन हवे.

हे नीट जमवले ते अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात लॉरेन्स कर्टिस या पदवीच्या विद्यार्थ्याने. तिथे बेझिल हिर्शोविट्झ हे दक्षिण आफ्रिकेतून आलेले डॉक्टर आणि विल्बर पीटर्स हे भौतिकीचे प्राध्यापक जठरदर्शकाच्या मागे लागले होते. कर्टिस यांनी जास्त अपवर्तनांकाची काचेची कांडी कमी अपवर्तनांकाच्या काचेच्या नळीत बसवली, दोन्ही एकत्र तापवून ओढली, आणि डिसेंबर १९५६ मध्ये काचेचेच वेष्टन असलेला तंतू तयार झाला. फेब्रुवारी १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी या तंतूंचा जठरदर्शक आधी स्वतः गिळला आणि मग थोड्याच दिवसांत एका रुग्णावर वापरला. १९६१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी जठराबरोबर ग्रहणीच्या सुरुवातीचेही निरीक्षण प्रसिद्ध केले. बूव्हरे यांनी ज्या जागेविषयी तर्क केला होता, ती आता डोळ्यांना दिसू लागली. तिथे रुतलेला खडा शस्त्रक्रियेपूर्वी एंडोस्कोपने दिसल्याची नोंद ग्रोव्ह यांनी १९७६ मध्ये केली. बूव्हरे यांच्या लेखाला तेव्हा ८० वर्षे झाली होती.

दिसला, पण निघेना

आता पुढचा प्रश्न. एंडोस्कोपमध्ये हत्यारे आत सारण्यासाठी एक बारीक बोगदा असतो. त्याचा व्यास साधारण तीन मिलिमीटर. समोरचा खडा तीस-चाळीस मिलिमीटरचा. तेव्हा खडा बोगद्यातून ओढण्याचा प्रश्नच नाही. तारेच्या जाळीत पकडून तो एंडोस्कोपबरोबर अख्खा मागे ओढायचा, जठराच्या दारातून, अन्ननलिकेतून, घशातून. तो वाटेत अन्ननलिकेत अडकू शकतो. घशाशी सुटला तर श्वासनलिकेत पडू शकतो.

तरी हे काम करता येते, हा विश्वास हळूहळू येत होता. १९७४ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये कावाई यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एंडोस्कोपमधून विजेच्या तारेने पित्तनलिकेचे तोंड कापून मोठे करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पाहण्याचे साधन आता काम करण्याचेही साधन झाले. १९८५ मध्ये इटलीतील बेदोन्यी व सहकाऱ्यांनी ग्रहणीच्या तोंडाशी अडकलेला पित्तखडा एंडोस्कोपने बाहेर काढल्याचे प्रसिद्ध केले. पोटावर छेद न देता या रुग्णाची सुटका झाली.

पण सगळे खडे अख्खे निघण्याजोगे नसतात. ते आतच फोडावे लागतात, आणि इथे भौतिकी दुसऱ्यांदा मदतीला आली. पाण्यात उच्च दाबाच्या विजेची ठिणगी पाडली, की तिथले पाणी क्षणात वाफ होऊन फाकते आणि दाबाचा तीव्र आघात पसरतो. या परिणामाचा पाठपुरावा १९५० च्या सुमारास सोव्हिएत संघातील लेव्ह युत्किन यांनी केला, आणि मूत्राशयातले खडे फोडायला तो वापरला जाऊ लागला. ठिणगीची सळई एंडोस्कोपच्या बोगद्यातून जाण्याइतकी बारीक झाल्यावर ती पित्तखड्यापर्यंत पोचली. १९९१ मध्ये जपानी डॉक्टरांनी जठरातला मोठा पित्तखडा असा फोडून काढल्याचे प्रसिद्ध केले. खडा ठिसूळ असतो म्हणून फुटतो. आतड्याची भिंत लवचीक असते म्हणून दबून पुन्हा सावरते. सळईचे टोक भिंतीलाच टेकले, तर मात्र भोक पडू शकते. म्हणजे फोडण्यासाठीही आधी नीट दिसावे लागते.

दुसरी वाट शरीराबाहेरून आघात-तरंग धाडण्याची. विमाने तयार करणाऱ्या डॉर्निए कंपनीत, वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळल्याने होणाऱ्या परिणामांचा अभ्यास चालू होता. त्यातून हे यंत्र जन्मले. म्युनिकमध्ये ७ फेब्रुवारी १९८० रोजी मूत्रपिंडाच्या खड्यावर ते प्रथम वापरले गेले. पाणी आणि शरीराची ऊती यांतून हे तरंग जवळजवळ सारखेच जातात. खड्याशी माध्यम एकदम बदलते आणि तिथे आघात बसतो. म्युनिकच्याच डॉक्टरांनी १९८९ मध्ये ही पद्धत जठराचे दार अडवणाऱ्या पित्तखड्यावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. मात्र मध्ये आतड्यातली हवा आली, की तिथेही माध्यम बदलते आणि तरंग अडतो.

तिसरी वाट लेसरची. १९९९ मध्ये जर्मनीतून बूव्हरे प्रकारच्या खड्यावर एंडोस्कोपमधून लेसर वापरल्याची यशस्वी नोंद आली. आज यासाठी होल्मियम लेसर बराच वापरतात. त्याची तरंगलांबी सुमारे २.१ मायक्रोमीटर आहे. ती पाण्यात चटकन शोषली जाते, त्यामुळे टोकापासून थोड्या अंतरापलीकडे लेसरचा प्रभाव उरत नाही. हा लेसरही काचतंतूतूनच आत जातो. आजच्या बहुतेक एंडोस्कोपमध्ये प्रतिमा तंतूंच्या जुडीतून येत नाही. १९८३ पासून टोकाशी बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांचे युग सुरू झाले. पण खडा फोडणारा प्रकाश आजही त्याच तत्त्वाने आत वळतो.

तुकड्यांचे गणित

इथे एक साधे गणित विद्यार्थ्यांना घालावे. चार सेंटिमीटर व्यासाचा गोल खडा एक सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यांइतक्या तुकड्यांत फोडला, तर किती तुकडे होतील? चार, असे उत्तर घाईत येते. घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून खरे उत्तर ६४. एवढे तुकडे उचलायला किती वेळ लागेल? रुग्ण म्हातारा, घशात नळी, आणि काम तासन् तास. बरे, कंटाळून दोन सेंटिमीटरचे आठच तुकडे केले आणि पुढे ढकलून दिले तर? तेवढ्या आकाराचा तुकडा आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात पुन्हा अडकू शकतो. मग वरचे दार उघडले आणि खालचे बंद झाले, अशी अवस्था होते. असे प्रकार घडले आहेत आणि त्या रुग्णांना शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागली आहे.

२००६ मध्ये बूव्हरे प्रकारच्या १२८ रुग्णांच्या नोंदींचा आढावा प्रसिद्ध झाला. रुग्णांचे सरासरी वय ७४ होते आणि दर तिघांत दोघी स्त्रिया होत्या. एंडोस्कोपने खडा दिसण्याचे प्रमाण चांगले असले, तरी त्याने सुटका झालेले रुग्ण थोडेच होते. बहुतेकांवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर साधने सुधारली आहेत आणि सीटी स्कॅनमुळे निदान लवकर होते. आज वृद्ध व अशक्त रुग्णांत अनेक ठिकाणी आधी एंडोस्कोपचा प्रयत्न करतात आणि तो फसला तर शल्यवैद्याकडे वळतात. खडा आतड्याच्या पार शेवटी अडकला असेल, तर मात्र अजूनही शस्त्रक्रिया हाच मुख्य इलाज आहे.

वर्गासाठी थोडेसे

या हकीकतीतून एक गोष्ट ध्यानात यावी. दिसणे आणि काढता येणे, या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. पहिली चढायला तंतू, वेष्टन आणि ते घडवणारा एक पदवीचा विद्यार्थी लागला. दुसरीसाठी ठिणगी, विमानाचा कारखाना आणि लेसर लागले. यांतले फारच थोडे लोक पित्तखड्याचा विचार करत होते. गेन्सबरो यांनी आपली अडचण डॉक्टर नसलेल्या माणसाला सांगितली, हे त्यातले मोठेच निमित्त ठरले.

पुढच्या वेळी पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवाल, तेव्हा कोलादों व टिंडल यांचा प्रयोग जरूर करून दाखवा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला खालच्या बाजूस पाच-सहा मिलिमीटरचे गुळगुळीत भोक पाडा, बाटलीत पाणी भरा, खोली अंधारी करा आणि भोकाच्या समोरच्या बाजूने बारीक झोताची विजेरी लावा. धार जिथे बादलीत पडते तिथे प्रकाशाचा ठिपका दिसेल. मग धारेला मध्येच बोट लावायला सांगा आणि बोटापाशी प्रकाश का गळतो, ते मुलांना विचारा. वेष्टनाची गरज कुणी आपणहून ओळखली, तर एंडोस्कोपचे ते एक वाक्य त्याला पाठ करावे लागणार नाही.